कुत्रीच्या पायोमेट्राच्या (गर्भाशयात पू साठण्याच्या आजाराच्या) शस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीने ‘नसबंदी’ म्हणून नाकारला आहे. पुढे काय करावे?

सावलीचे घर (सिंहगड रस्ता, पुणे) | ३ ऑगस्ट

नमस्कार. आमच्याकडे सावली नावाची साडेसहा वर्षांची काळी लॅब्राडोर कुत्री आहे. तिच्या विम्याच्या दाव्याविषयी मला सल्ला हवा आहे. प्रकार जरा गुंतागुंतीचा असल्याने सगळे क्रमाने लिहिते. लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

सावलीचा विमा आम्ही २ वर्षांपूर्वी उतरवला आणि मुदत संपण्याआधीच त्याचे नूतनीकरणही केले. पॉलिसीत आजारपण आणि शस्त्रक्रिया मिळून ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यातला १० टक्के वाटा आमचा असतो. सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, ज्यात दावा करता येत नाही, तो केव्हाच उलटून गेला आहे. लसीकरणाची वही पूर्ण आहे, मानेत ओळखीची मायक्रोचिप आहे आणि महापालिकेचा परवानाही आहे.

एप्रिलच्या शेवटी ती हीटवर (माजावर) येऊन गेली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिचे पाणी पिणे एकाएकी वाढले. एरवी तिचे स्टीलचे भांडे दिवसातून दोनदा भरावे लागते, ते आता पाच-सहा वेळा भरावे लागत होते आणि तरीही ती न्हाणीघरात जाऊन बादलीत तोंड घालत होती. उन्हाळ्यामुळे असेल, असे आम्ही समजलो. शुक्रवारी तिने जेवण सोडले, शनिवारी सकाळी दोनदा उलटी झाली आणि दुपारपर्यंत पोट ताठ लागू लागले. त्या दिवशी, म्हणजे १४ जूनला, चारच्या सुमारास दवाखान्यात नेल्यावर सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी गर्भाशयात पू साठला असल्याचे, म्हणजे पायोमेट्रा झाल्याचे सांगितले. पू बाहेर पडायला वाट नसल्यामुळे रात्र घालवणे धोक्याचे आहे, असेही ते म्हणाले. आधी तीन तास सलाईन लावून रात्री नऊ वाजता शस्त्रक्रिया झाली. सोमवारी संध्याकाळी आम्ही तिला घरी आणले.

खर्च असा झाला : शस्त्रक्रिया व भूल २८,०००, सोनोग्राफी १,८००, रक्ताच्या तपासण्या २,६००, दोन रात्रींचे दाखल शुल्क व सलाईन ७,२५०, औषधे ४,२००, आणि गळ्यातला प्लास्टिकचा कोन व टॉनिक मिळून १,१५०. एकूण ४५,००० रुपये.

कंपनीला मी मंगळवारी सकाळी, १७ तारखेला कळवले. टाके काढल्यावर ३० जूनला सगळे कागद पाठवले. ८ जुलैला कंपनीने विचारणा केली की दवाखान्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक का नाही. दवाखान्याने सांगितले की त्यांना तो लागूच होत नाही, आणि मी तसे कळवले. त्यानंतर २५ जुलैला एका वाक्याचे पत्र आले : सदर खर्च नसबंदीच्या शस्त्रक्रियेचा असून तो पॉलिसीतील वगळलेल्या बाबींमध्ये मोडत असल्यामुळे दावा अमान्य करण्यात येत आहे.

मी फोन केला तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने आणखी एक गोष्ट सांगितली. ४८ तासांत कळवणे बंधनकारक होते, ते तुम्ही केले नाही, त्यामुळे तसाही दावा बसला नसता, असे तिचे म्हणणे होते. पत्रात मात्र याचा उल्लेख नाही.

पत्र वाचल्यावर मी आमचे कागद पुन्हा नीट पाहिले आणि तेव्हा पोटात गोळा आला. बिलात शस्त्रक्रियेच्या ओळीत ‘स्पे सर्जरी – लार्ज ब्रीड’ असे छापलेले आहे, म्हणजे मोठ्या जातीच्या मादीची नसबंदी. डिस्चार्ज कार्डावर हाताने ‘ओव्हेरियोहिस्टेरेक्टॉमी डन’, म्हणजे गर्भाशय व बीजांडकोश काढले, एवढेच लिहिले आहे. पायोमेट्रा हा शब्द फक्त सोनोग्राफीच्या अहवालात आहे आणि तो अहवाल दुसऱ्या केंद्राचा आहे. म्हणजे जी व्यक्ती फक्त बिल आणि कार्ड पाहील, तिला ही साधी नसबंदीच वाटणार.

माझे प्रश्न तीन आहेत. डॉक्टरांकडून बिल बदलून घेणे योग्य ठरेल का? उशिरा कळवल्याचा मुद्दा खरोखर घातक आहे का? आणि कंपनीने पुन्हा नकार दिला तर दाद कोठे मागायची? तिची नसबंदी आम्ही वेळेवर केली असती तर हे काहीच घडले नसते, ही बोचणी मनात आहेच. कंपनी तोच मुद्दा पुढे करील का, अशीही भीती वाटते.


प्राणिवैद्य | ३ ऑगस्ट

सावली वाचली, ही पहिली चांगली गोष्ट. आत बंद राहिलेला पायोमेट्रा एक-दोन दिवसांतही जीव घेऊ शकतो. तुम्ही शनिवारची दुपार वाया घालवली नाहीत, हे फार योग्य केलेत.

मी गेली अनेक वर्षे पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवतो आणि हा घोटाळा कसा होतो ते मला आतून ठाऊक आहे. आमच्याकडचे बिलाचे सॉफ्टवेअर ठरावीक यादीवर चालते. शस्त्रक्रिया संपल्यावर काउंटरवरचा मुलगा यादीत गर्भाशय काढण्याच्या जवळची ओळ शोधतो, तिथे त्याला ‘स्पे’ दिसते आणि तो ती निवडतो, कारण दर लावण्यासाठी त्याला कोणती तरी ओळ निवडावीच लागते. डॉक्टर रात्री दहाला हात धुऊन बाहेर येतात तेव्हा ते बिल वाचत नाहीत. कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण चार शब्दांच्या त्या ओळीवर तुमचे पंचेचाळीस हजार अडकतात.

वैद्यकीय बाजू नीट समजून घ्या, कारण कंपनीला लिहिताना ती उपयोगी पडेल. हीट संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढलेले राहते, मग ती गाभण असो वा नसो. त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यातून स्राव पाझरतो आणि गर्भाशयाची आकुंचने मंदावतात. योनिमार्गातून वर चढलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई-कोलायला, ही जागा मानवते. म्हणूनच हा आजार हीटनंतर चार ते आठ आठवड्यांत, मध्यमवयीन आणि नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये अधिक दिसतो. तुमची तारीख यात तंतोतंत बसते. जंतूंच्या विषाचा मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवी वाढते आणि त्यापाठोपाठ तहान वाढते. भांडे सहा वेळा भरावे लागले ते त्यामुळे. दर वेळेस केसपेपरवर हे लिहिले जात नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी लिहिले असेल तर त्या ओळीला मोल आहे.

आता मुख्य मुद्दा. नसबंदीत जे अवयव काढतात तेच पायोमेट्रातही काढतात, म्हणून दोन्हीला ओव्हेरियोहिस्टेरेक्टॉमी हेच नाव आहे. मात्र नसबंदी निरोगी प्राण्यावर, आधी दिवस ठरवून, उपाशीपोटी आणून केली जाते आणि बहुतेक वेळा प्राणी त्याच दिवशी घरी जातो. पायोमेट्रात प्राणी आधीच विषबाधेच्या उंबरठ्यावर असतो. त्याला सलाईन आणि प्रतिजैविके देऊन भूल सोसण्याइतका सावरावे लागते आणि शस्त्रक्रियेनंतरही दाखल ठेवावे लागते. तेव्हा नावावरून नव्हे, तर ती कशासाठी केली यावरून शस्त्रक्रियेचे स्वरूप ठरते, आणि ‘कशासाठी’ याचे उत्तर निदानात असते. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर नेमके निदानच लिहायचे राहिले आहे.

बिल बदलून घेण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. जुन्या तारखेचे नवे बिल मागू नका आणि डॉक्टर देऊ लागले तरी घेऊ नका. पहिले बिल कंपनीच्या हातात आहेच. त्याच क्रमांकाचे, त्याच तारखेचे पण वेगळ्या शब्दांचे दुसरे बिल गेले, की खरा दावाही खोटा दिसू लागतो. त्याऐवजी डॉक्टरांकडून आजच्या तारखेचे, त्यांच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी आणि पशुवैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांकासह प्रमाणपत्र घ्या. सावलीचे वय, जात, रंग व चिपचा क्रमांक, कोणत्या लक्षणांवरून आणली, सोनोग्राफीत काय दिसले, पांढऱ्या पेशी किती होत्या, निदान काय, शस्त्रक्रिया त्याच रात्री का करावी लागली आणि औषधांवर भागण्यासारखे का नव्हते, हे सगळे त्यात असावे. शेवटी अमुक क्रमांकाच्या बिलातील ‘स्पे सर्जरी’ ही ओळ सॉफ्टवेअरच्या यादीतून आलेली असून प्रत्यक्षात ती पायोमेट्रावरील तातडीची शस्त्रक्रिया होती, असे त्यांनी सरळ लिहावे. चूक झाली हे कबूल करणारा कागद, चूक झाकणाऱ्या कागदापेक्षा नेहमीच जास्त टिकतो.

यासोबत दवाखान्यातला मूळ केसपेपर आणि भुलीची नोंद यांची प्रत मागा. रक्ताचा अहवाल हाताशी असेलच. पांढऱ्या पेशी सर्वसाधारणपणे सतरा हजारांच्या आत असतात आणि जंतुसंसर्गात वाढतात. काढलेल्या गर्भाशयाचे छायाचित्र बहुतेक डॉक्टर मालकाला दाखवायला म्हणून मोबाइलवर काढतात. ते पाहवणारे नसते, पण पुराव्यासाठी त्याच्याइतके बोलके दुसरे काही नाही.

बोचणीविषयी एवढेच सांगतो. नसबंदीने हा आजार जवळजवळ पूर्णपणे टळतो, हे खरे आहे. पण नसबंदी करणे ही पॉलिसीची अट नसेल, तर ती न करणे हा कराराचा भंग होत नाही. विमा घेताना सावली नसबंदी न झालेली मादी आहे, हे तुम्ही अर्जात लिहिलेच असेल, आणि कंपनीने ते पाहूनच हप्ता स्वीकारला आहे.


माजी दावेदार (ठाणे) | ४ ऑगस्ट

माझी सगळी नोकरी सर्वसाधारण विम्याच्या दावे विभागात झाली. माझ्यासमोर गाड्या, दुकाने, गाई-म्हशी आणि अखेरच्या वर्षांत कुत्र्या-मांजरांचेही दावे येत. त्या अनुभवावरून लिहितो.

वरच्या प्रतिसादात वैद्यकीय बाजू उत्तम मांडली आहे. मला आधी एकच गोष्ट हवी आहे : वगळलेल्या बाबींच्या कलमाचे नेमके शब्द. जाहिरातीतले किंवा ॲपवर दिसतात ते नव्हेत, तर पॉलिसीसोबत आलेल्या अटींच्या पुस्तिकेतले. कारण सगळ्या कंपन्यांचे कलम सारखे नसते. एखाद्या पॉलिसीत प्रजनन अवयवांचे सगळेच आजार वगळलेले असतात. तुमच्या कलमात तसे स्पष्ट लिहिले असेल, तर कितीही प्रमाणपत्रे जोडली तरी दावा बसणार नाही आणि तुम्हाला खोटी आशा लावणे बरे नव्हे. तेव्हा कलम जसेच्या तसे इथे लिहा, मग पुढचे बोलू.

तोवर बाकीच्या दोन मुद्द्यांबद्दल. जीएसटीची विचारणा निराधार होती. पशुवैद्यकीय दवाखान्याने प्राण्यांवर केलेल्या उपचारांची सेवा २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासूनच करमुक्त आहे; तेव्हा बिलावर क्रमांक नसणे हा दोष ठरत नाही. तो मुद्दा पत्रात आलेला नाही, तरीही उत्तरात एक ओळ लिहून ठेवा.

उशिराच्या मुद्द्यावर तुमची बाजू बळकट आहे. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे की अपरिहार्य कारणाने कळवायला उशीर झाला, तर केवळ त्या कारणावरून खरा दावा नाकारू नये. शनिवारी रात्री शस्त्रक्रिया आणि सोमवार संध्याकाळपर्यंत प्राणी दाखल, म्हणजे मंगळवारी सकाळी कळवणे हा काही तासांचा उशीर आहे आणि त्यामुळे कंपनीला चौकशी करणे अशक्य झाले, असेही नाही. शिवाय जे कारण नकाराच्या पत्रात लिहिलेले नाही, ते कंपनी पुढे ग्राहक आयोगापुढे नव्याने उकरून काढू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २०१९ च्या निकालात म्हटले आहे. फोनवर कोणी काय बोलले याला वजन नाही. यापुढे फोन करूच नका. जे असेल ते ईमेलने लिहा आणि मिळालेले तक्रार क्रमांक एका वहीत उतरवत जा.


गोठा (ता. माण, जि. सातारा) | ४ ऑगस्ट

कुत्र्याच्या विम्यातले मला कळत नाही, पण जनावराच्या विम्यात एकदा पोळलो आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमची संकरित गाय दगावली तेव्हा तिच्या कानातला बिल्ला चार महिन्यांपूर्वीच तारेत अडकून पडला होता. नवा मारून घेतला, पण त्याचा क्रमांक कंपनीला कळवायचा राहिला. शवविच्छेदनाच्या अहवालावर नवा क्रमांक, पॉलिसीवर जुना. दावा गेला तो गेलाच. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हे वाक्य आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते, आणि तरी माझे चुकले.

तुमच्या कुत्रीच्या चिपचा क्रमांक पंधरा आकडी असतो, असे ऐकून आहे. तो पॉलिसीवर, लसीच्या वहीत, सोनोग्राफीच्या कागदावर आणि नव्या प्रमाणपत्रावर एकच आहे ना, हे बोट ठेवून एकेक आकडा तपासा. वय आणि रंगही पाहा.


सावलीचे घर | ५ ऑगस्ट

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

अटींची पुस्तिका शोधून काढली. कलम इंग्रजीत आहे. त्याचा शब्दशः अर्थ असा होतो : ‘नसबंदी, खच्चीकरण, नखे काढणे, कान किंवा शेपूट कापणे आणि इतर ऐच्छिक अथवा सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांचा खर्च.’ गर्भारपण आणि प्रसूतीसाठी वेगळे कलम आहे, पण गर्भाशयाच्या आजारांचा उल्लेख कोठेही नाही. अर्जात नसबंदीविषयी प्रश्न होता आणि आम्ही ‘झालेली नाही’ असे लिहिले होते.

गोठा यांचा सल्ला लाखमोलाचा ठरला. चिपचा क्रमांक सगळीकडे जुळतो, पण सोनोग्राफीच्या केंद्राने जातीच्या रकान्यात ‘मिक्स’ आणि वयाच्या रकान्यात ‘८ वर्षे’ असे लिहिले आहे. घाईत मीच काही चुकीचे सांगितले असेन किंवा त्यांनी अंदाजाने भरले असेल. आमची सगळी मदार ज्या एका अहवालावर आहे, त्यातच कुत्री वेगळी दिसते.


माजी दावेदार | ५ ऑगस्ट

कलम वाचून बरे वाटले. त्यातला ‘इतर’ हा शब्द तुमच्या बाजूचा आहे. ‘नसबंदी, खच्चीकरण… आणि इतर ऐच्छिक शस्त्रक्रिया’ असे लिहिले, की आधी मोजलेल्या सगळ्या गोष्टीही ऐच्छिक याच वर्गातल्या ठरतात. नाही तर ‘इतर’ म्हणायचे कारणच उरत नाही. म्हणजे या कलमातली नसबंदी ही मालकाने आपल्या इच्छेने करून घेतलेली नसबंदी आहे. रात्री नऊला जीव वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया ऐच्छिक म्हणता येत नाही. शिवाय वगळणुकीचे कलम लागू होते हे दाखवून देण्याची जबाबदारी कंपनीवर असते, आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर कलम लिहिणाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे विमाधारकाच्या बाजूचा अर्थ घ्यावा, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तुमच्या पत्राचा गाभा हाच ठेवा. तो एका परिच्छेदात, न चिडता लिहा. मी दावे विभागात असताना रागाने लिहिलेली चार पानी पत्रे शेवटपर्यंत कोणी वाचत नसे, हे मला माहीत आहे.

सोनोग्राफी केंद्राकडून आजच्या तारखेचे दुरुस्तीपत्र घ्या. मूळ अहवालाला हात लावू देऊ नका. आणि तुमच्या डॉक्टरांना प्रमाणपत्रात लिहायला सांगा की हा अहवाल त्यांनीच पाठवलेल्या सावलीचा आहे.

मार्ग असा आहे. पहिले पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचा ईमेल पॉलिसीवरच छापलेला असतो. त्याने दोन आठवड्यांत निकाली उत्तर देणे अपेक्षित आहे. त्याच वेळी नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर करा, म्हणजे कंपनीत ती फाइल वरच्या टेबलावर सरकते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे. तिथे शुल्क नाही, वकील लावता येत नाही, ५० लाखांपर्यंतच्या व्यक्तिगत विम्याच्या तक्रारी ते ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तिथली मुदत २ वर्षांची आहे आणि तुमच्यासारख्या लहान प्रकरणाला शुल्क पडत नाही. पण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत. त्यामुळे आधी लोकपाल आणि गरज पडलीच तर आयोग, हा क्रम पाळा.

आणखी दोन गोष्टी. कंपनीने काही कागद नाहीत म्हणून अडवले, तर जून २०२४ च्या सर्वसाधारण विम्यावरील परिपत्रकाची आठवण द्या : कागदपत्रांअभावी दावा नाकारू नये आणि दाव्याशी संबंधित, आवश्यक तेवढेच कागद मागावेत, असे त्यात आहे. दुसरे, मधल्या काळात कंपनीने अर्धीमुर्धी रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही मागितली, तर हिशेब पटल्याशिवाय सही करू नका. कोन आणि टॉनिकचे पैसे मिळतील अशी अपेक्षा धरू नका. तो खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही आणि त्यावर भांडण्यात मुख्य मुद्दा पातळ होतो.


प्राणिवैद्य | ६ ऑगस्ट

एक पुस्ती जोडतो. सोनोग्राफी करण्यासाठी तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल. त्यावर तारीख, सावलीचे नाव आणि ‘पायोमेट्राची शंका’ असे काही लिहिलेले असण्याची दाट शक्यता आहे. ती चिठ्ठी सहसा सोनोग्राफी केंद्राच्या फायलीत राहते. तिची प्रत मिळाली, तर शस्त्रक्रियेच्या आधीच निदानाची दिशा ठरली होती, हे त्याच दिवशीच्या हस्ताक्षरात सिद्ध होते. नंतर घेतलेल्या प्रमाणपत्रावर कोणी शंका घेऊ शकते. त्या चिठ्ठीवर घेता येणार नाही.


सावलीचे घर | ३१ ऑगस्ट

जे झाले ते इथे नोंदवणे माझे कर्तव्य समजते, कारण पुढे कोणी याच शब्दांनी शोधत येईल.

चिठ्ठी मिळाली. सोनोग्राफी केंद्रातल्या ताईंनी जूनचा गठ्ठा उलगडून ती काढून दिली. निळ्या शाईत तिरक्या अक्षरांत लिहिले होते : ‘सावली, लॅब, मादी, ६ वर्षे. पायोमेट्रा? अर्जंट.’ वेळही होती, चार चाळीस. त्याच केंद्राने जात आणि वयाचे दुरुस्तीपत्रही दिले. आमच्या डॉक्टरांनी कसलेही आढेवेढे न घेता दीड पानाचे प्रमाणपत्र लिहिले आणि बिलातली ओळ चुकीची असल्याचे त्यात स्वतःहून, स्वच्छ शब्दांत मान्य केले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ३८,४०० होत्या, हे मला त्यांच्या पत्रातूनच पहिल्यांदा कळले.

११ ऑगस्टला तक्रार निवारण अधिकाऱ्याला एका पानाचे पत्र आणि जोडपत्रे पाठवली, आणि त्याच दिवशी बीमा भरोसावर नोंद केली. ‘इतर’ या शब्दाचा मुद्दा माजी दावेदार यांनी सांगितला तसाच लिहिला. उशिराविषयी दोन वाक्ये आणि जीएसटीविषयी एक वाक्य घातले. २२ तारखेला उत्तर आले की नव्याने सादर झालेल्या वैद्यकीय कागदपत्रांच्या आधारे दावा मान्य करण्यात येत आहे. पहिल्या नकाराबद्दल त्यात काही लिहिलेले नाही आणि मीही ते ताणले नाही.

कोन आणि टॉनिकचे १,१५० वजा जाऊन ४३,८५० रुपये ग्राह्य धरले गेले, त्यातून आमच्या वाट्याचे १० टक्के म्हणजे ४,३८५ कापून ३९,४६५ रुपये परवा खात्यात जमा झाले. पावतीवर सही करण्यापूर्वी हिशेब तीनदा करून पाहिला.

काल सावलीला कृमीच्या औषधासाठी दवाखान्यात नेले होते. पोटावरचे केस आता पूर्ण आले आहेत आणि पाण्याचे भांडे पुन्हा दिवसातून दोनदाच भरावे लागते. डॉक्टरांनी मला आत बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. बिलाच्या यादीत ‘स्पे’च्या खाली त्यांनी एक वेगळी ओळ घालून घेतली आहे : ‘पायोमेट्रा – तातडीची शस्त्रक्रिया’. डिस्चार्ज कार्डाच्या नव्या छपाईत निदानासाठी स्वतंत्र रकानाही ठेवला आहे.